आजार रुग्णाचा, नाव डॉक्टरांचे

रुग्णालयातून घरी येणाऱ्या कागदांवर काही परकी शब्द हमखास आढळतात. विषमज्वराची शंका आली की ‘विडाल’, क्षयाची शंका आली की ‘माँटू’, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी ‘पॅप’, नवजात बालकाच्या नोंदीत ‘अॅपगार’ आणि उतारवयातील निदानात ‘पार्किन्सन’ किंवा ‘अल्झायमर’. यांपैकी प्रत्येक शब्द मुळात कोणाचे तरी आडनाव आहे. फेर्नां विडाल आणि शार्ल माँटू हे फ्रेंच डॉक्टर होते. ‘पॅप’ हे ग्रीसमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत संशोधन केलेल्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावाचे लघुरूप आहे. बालकाचा रंग, हृदयाचे ठोके, प्रतिसाद, हालचाल व श्वसन यांना मिळून दहापैकी गुण देण्याची पद्धत अमेरिकन भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अॅपगार यांनी १९५२ मध्ये योजिली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वैद्यकाच्या परिभाषेत स्त्रियांची नावे विरळाच दिसतात; त्यांतले हे सर्वांत अधिक वापरले जाणारे असावे.

अशा संज्ञांना व्यक्तिनामाधिष्ठित संज्ञा म्हणता येईल. ज्याने आजार प्रथम शोधला त्याचे नाव आजाराला मिळाले, असा त्यांविषयीचा सर्वसाधारण समज आहे. वैद्यकाचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. नाव कोणी दिले, कोणत्या देशात दिले, शोधाचे लेखन कोणत्या भाषेत झाले आणि ते कोणाच्या वाचनात आले, यांवर बरेच काही ठरत आले आहे. शिवाय एकदा रूढ झालेले नाव कागदावरच राहत नाही. ते रुग्णाला चिकटते. म्हणूनच या नावांच्या मागची हकीकत जाणून घेणे उपयोगाचे ठरते.

नाव कोण देते?

लंडनमधील जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ‘कंपयुक्त पक्षाघाता’वर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा व्यक्तींची निरीक्षणे होती आणि त्यांतील काहींना पार्किन्सन यांनी केवळ रस्त्यावर चालताना पाहिले होते. हातांचा कंप, पुढे झुकलेली चाल, हळूहळू वाढत जाणारी विकलता ही लक्षणे त्यांनी नेमकी टिपली होती. तरीही आजाराला त्यांचे नाव त्यांच्या हयातीत मिळाले नाही. पार्किन्सन १८२४ मध्ये निवर्तले. त्यानंतर काही दशकांनी पॅरिसचे मज्जातज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचा सखोल अभ्यास केला. रुग्णाची शक्ती जातेच असे नाही, म्हणून ‘पक्षाघात’ हा शब्द येथे अयोग्य आहे, असे त्यांचे मत होते. त्या शब्दाऐवजी त्यांनी पार्किन्सन यांचे नाव पुढे केले.

थॉमस हॉजकिन यांची कथा याहून हृद्य आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील या विकृतिशास्त्रज्ञाने लसिका-ग्रंथी व प्लीहा वाढलेल्या काही रुग्णांचे वर्णन १८३२ मध्ये केले. त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे त्याच रुग्णालयातील सॅम्युएल विल्क्स यांना स्वतंत्रपणे असेच रुग्ण आढळले. आपल्या आधी हे काम हॉजकिन यांनी केल्याचे ध्यानात येताच, १८६५ मध्ये विल्क्स यांनी स्वतःच्या लेखात या आजाराला ‘हॉजकिनचा आजार’ असे नाव दिले. श्रेय स्वतःकडे घेण्याची संधी हाती असताना ते दुसऱ्याला देणारा हा प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात आदराने सांगितला जातो.

अलोइस अल्झायमर यांच्या बाबतीत नाव देणारे त्यांचेच वरिष्ठ होते. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ मध्ये ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती. ती १९०६ मध्ये वारल्यावर अल्झायमर यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि त्याच वर्षी ट्यूबिंगेन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ‘अल्झायमरचा आजार’ ही संज्ञा योजिली आणि ती जगभर गेली. ज्या स्त्रीच्या वेदनेतून हे ज्ञान लाभले, तिचे नाव त्या संज्ञेत नाही. बहुतेक संज्ञांची हीच गत आहे. अपवाद म्हणून अमेरिकेत ‘लू गेरिगचा आजार’ हे नाव प्रचलित आहे. लू गेरिग हे बेसबॉलपटू. मज्जापेशींच्या ऱ्हासाच्या या आजारामुळे १९३९ मध्ये त्यांचा खेळ थांबला आणि १९४१ मध्ये ते मृत्यू पावले. फ्रान्समध्ये मात्र हाच आजार शार्को यांच्या नावाने ओळखला जातो.

एक आजार, अनेक नावे

गळ्यातील अवटु ग्रंथी अतिक्रियाशील होऊन डोळे बाहेर आल्यासारखे दिसणे, छातीत धडधडणे, वजन घटणे या लक्षणांच्या आजाराला इंग्रजी वैद्यकात ‘ग्रेव्ह्ज’ म्हणतात. आयर्लंडचे रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. जर्मन भाषिक देशांत हाच आजार ‘बासेडो’ म्हणून ओळखला जातो, कारण कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये त्याविषयी लिहिले. या दोघांच्याही आधी इंग्लंडमधील केलेब पॅरी यांनी तो नोंदवला होता. परंतु त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापले गेले आणि संज्ञेवरील हक्क त्यांच्या हातून निसटला.

उलट प्रकारही घडतो. सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्राच्या एका विकाराचे आणि १८७७ मध्ये हाडांच्या एका विकाराचे वर्णन केले. दोन्हींना ‘पॅजेटचा आजार’ असेच म्हटले जाते. पहिल्याचा संबंध कर्करोगाशी, दुसऱ्याचा हाडांच्या रचनेतील बिघाडाशी. निदानाच्या कागदावर अवयवाचा उल्लेख सुटला तर केवढा घोटाळा होईल, हे सांगण्याची गरज नाही.

शास्त्रातील श्रेयाच्या या अनिश्चिततेवर संख्याशास्त्रज्ञ स्टीफन स्टिग्लर यांनी १९८० मध्ये अर्धवट विनोदाने एक नियमच मांडला. कोणत्याही शोधाला त्याच्या मूळ शोधकाचे नाव मिळत नाही, असा तो नियम. हा नियमसुद्धा आपला नसून समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांचा आहे, असे सांगून त्यांनी तो स्वतःलाच लागू करून दाखवला.

प्राणांचे मोल

काही नावे मात्र प्राण देऊन मिळालेली आहेत. पेरू देशात दोन आजार वेगळे मानले जात. एक तीव्र तापाचा, तर दुसरा त्वचेवर चामखिळीसारख्या गाठी आणणारा. दानिएल कार्रियोन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८५ च्या ऑगस्टमध्ये अशा गाठीतील द्रव स्वतःला टोचून घेतला. त्याला तीव्र ताप आला आणि ५ ऑक्टोबर १८८५ रोजी त्याचा मृत्यू झाला. दोन्ही एकाच आजाराची रूपे आहेत, हे त्याच्या मरणाने सिद्ध झाले. ‘कार्रियोनचा आजार’ या शब्दांत षष्ठीचा प्रत्यय अक्षरशः खरा आहे.

प्रलापक ज्वराच्या संशोधनात अमेरिकेचे हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये आणि युरोपातील स्तानिस्लाउस प्रोवाझेक १९१५ मध्ये त्याच रोगाला बळी पडले. त्यांचे सहकारी हेन्रिक दा रोशा लिमा यांनी १९१६ मध्ये या रोगाच्या जंतूला ‘रिकेट्सिया प्रोवाझेकी’ हे नाव दिले. दोन दिवंगत संशोधकांचे ते जोडस्मारक ठरले. ब्राझीलच्या कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये एका आजाराचा परजीवी, त्याचा वाहक कीटक आणि माणसातील लक्षणे अशी तिन्ही अंगे उलगडली. आजाराला त्यांचे नाव मिळाले. त्यांनी स्वतः मात्र परजीवीला आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांचे नाव दिले.

भारतात घडलेले शोध

भारतातील एका परजीवीच्या नावातही अशी जोडी आहे. आसाम, बंगाल, बिहार या भागांत ‘काळा आजार’ शेकडो गावे उजाड करीत होता. लोकांनी तो शब्द रुग्णाच्या काळवंडणाऱ्या त्वचेवरून घडवला होता. कलकत्त्याजवळील डमडम येथे राहून गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना इंग्लंडमध्ये काही सूक्ष्म पिंड दिसले होते. त्यांनी ते मे १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रास येथे, कलकत्त्यात जन्मलेले चार्ल्स डोनोव्हन यांना तसेच पिंड आढळले आणि जुलैमध्ये त्यांचा लेख आला. श्रेयाचा प्रश्न रोनाल्ड रॉस यांनी सोडवला. त्यांनी परजीवीला ‘लीशमानिया डोनोव्हनी’ असे नाव देऊन दोघांनाही त्यात सामावून घेतले.

या रॉस यांचे कार्यक्षेत्र हैदराबादकरांना परिचित आहे. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची अवस्था दिसली आणि १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांच्या नावाचा आजार नाही. ‘मलेरिया’ हा शब्द दूषित हवेच्या जुन्या इटालियन कल्पनेतून आलेला असून, डासाचा शोध लागल्यावरही तो तसाच राहिला. काळ्या आजारावर १९२० च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे औषध देऊन असंख्य प्राण वाचवणाऱ्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचे नावही आजाराच्या रूढ संज्ञेत आढळत नाही. ज्याने जंतू पाहिला त्याचे नाव राहते आणि ज्याने रोगी बरा केला त्याचे सहसा राहत नाही, हा या परिभाषेचा एक अलिखित संकेतच दिसतो.

मुंबईतील एका शोधाची नोंद येथे अगत्याने घ्यावी लागते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका वेगळ्याच रक्तगटाचे वर्णन केले. या व्यक्तींच्या रक्तपेशींवर ‘एच’ हा मूळ प्रतिजन नसतो. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत त्यांचे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु त्यांना ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. त्यांना केवळ आपल्याच गटाचे रक्त चालते. हा गट ‘भेंडे रक्तगट’ म्हणून ओळखला जाणे अशक्य नव्हते. तो ‘बॉम्बे रक्तगट’ झाला. शहराचे नाव बदलले तरी शास्त्रातील नाव कायम आहे आणि ज्या मराठी डॉक्टरांच्या निरीक्षणामुळे रुग्णांचे प्राण वाचतात, ते त्यांच्याच प्रांतात फार थोड्यांना माहीत आहेत.

पुण्याजवळचा अनाम शल्यवैद्य

याहून जुनी गोष्ट पुण्याच्या परिसरातली आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या ताब्यात सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी पाहिली. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये तिचे वर्णन चित्रासह आले.

ते वाचून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी अनेक वर्षे तयारी केली, १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. युरोपात ती ‘कार्प्यूची शस्त्रक्रिया’ म्हणून गाजली. कार्प्यू यांनी आपल्या पद्धतीचे भारतीय मूळ लपवले नव्हते आणि ‘भारतीय पद्धत’ हेही नाव आजतागायत चालते. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेपासून नाक घडवण्याची कृती दिलेली आहे, त्यामुळे या परंपरेचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. या प्रकरणात रुग्णाचे नाव टिकले, पाहणाऱ्यांची टिकली, अनुकरण करणाऱ्याचे तर शस्त्रक्रियेलाच चिकटले. प्रत्यक्ष शस्त्र चालवणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच नावांची परिभाषा झाली, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

नाव आणि रुग्णाची प्रतिष्ठा

व्यक्तिनामाने कधी कधी रुग्णाला न्यायही मिळवून दिला आहे. नॉर्वेतील बर्गेन येथे गेर्हार्ड आर्माउर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू शोधला. हा रोग पापाचे फळ वा आनुवंशिक शाप नसून संसर्ग आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. तरीही ‘महारोग’ या शब्दाभोवतीची भीती ओसरली नाही. अमेरिकेतील लुईझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात रुग्णांनीच चालवलेल्या ‘द स्टार’ या नियतकालिकाने जुन्या शब्दाऐवजी ‘हॅन्सनचा आजार’ म्हणावे, अशी चळवळ केली. एका परक्या आडनावाचा कोरेपणाच येथे उपकारक ठरला, कारण त्याला शतकांच्या तिरस्काराचा वास नव्हता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद भारतात २०१९ च्या कायद्याने रद्द झाली. शब्द बदलणे सोपे आणि वहिवाट बदलणे किती दुष्कर असते, हे या तारखेवरून कळते.

या नावाला एक काळी किनार आहे. रोगाचा संसर्ग सिद्ध करण्यासाठी १८७९ मध्ये हॅन्सन यांनी एका स्त्री रुग्णाच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतील द्रव टोचला. खटला चालला आणि १८८० मध्ये रुग्णालयातील त्यांचे पद गेले. ज्या नावाने रुग्णांची प्रतिष्ठा जपावयाची, त्याच नावाच्या माणसाने एका रुग्णाची प्रतिष्ठा पायदळी तुडवली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकत्रच लक्षात ठेवाव्या लागतात.

‘डाऊन’ या नावाचाही असाच पेच आहे. जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये या स्थितीचे वर्णन केले. पण चेहऱ्याच्या साम्यावरून तिला ‘मंगोल’ वंशाशी जोडले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे या मुलांना त्याच अपमानकारक शब्दाने हाक मारली गेली. एकविसाव्या गुणसूत्राची अतिरिक्त प्रत हे तिचे कारण १९५९ मध्ये समोर आले. १९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून तो वंशवाचक शब्द सोडण्याची मागणी केली आणि १९६५ मध्ये मंगोलियाच्या आक्षेपानंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही तो टाकला. पर्याय म्हणून डाऊन यांचेच नाव पुढे आले.

नावे मागे घेतली जातात तेव्हा

सांध्यांचा दाह, डोळ्यांची लाली व मूत्रमार्गाचा दाह एकत्र येणाऱ्या विकाराला बराच काळ जर्मनीच्या हान्स रायटर यांचे नाव होते. रायटर हे नाझी राजवटीत आरोग्य खात्याच्या उच्च पदावर होते आणि छळछावणीतील कैद्यांवर झालेल्या प्रयोगांशी त्यांचा संबंध होता. आता त्या विकाराला ‘प्रतिक्रियात्मक संधिदाह’ या अर्थाची संज्ञा वापरली जाते. रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या एका आजारातून नाझी पक्षाचे सदस्य असलेले फ्रीड्रिख व्हेगेनर यांचे नावही २०११ मध्ये वैद्यकीय संस्थांनी काढून टाकण्याची शिफारस केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नव्या संसर्गजन्य रोगांच्या नामकरणासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रोगाच्या नावात माणसाचे, गावाचे, प्राण्याचे वा व्यवसायाचे नाव नसावे, असे त्यात म्हटले आहे. गोवा व सिंधुदुर्गातील वाचकांना याचे कारण दूर शोधावे लागणार नाही. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला विषाणुज्वर शास्त्रात त्या गावाच्या नावाने आणि लोकांत ‘माकडताप’ म्हणून प्रसिद्ध आहे. सत्तरी व दोडामार्ग या तालुक्यांना त्याची झळ लागली आहे. माणसाला हा ताप मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून येतो. माकड स्वतः त्याला बळी पडते. नाव मात्र दोष माकडाच्या माथी मारते आणि खबरदारी गोचिडीपासून घ्यायची असते, हे विसरायला लावते.

मराठीत काय म्हणावे?

मराठीत ‘पार्किन्सनचा आजार’ म्हटले की तो पार्किन्सन यांना झाला होता, असे वाटू शकते. इंग्रजीतही अलीकडे हा स्वामित्वदर्शक प्रत्यय गाळण्याकडे कल आहे. मराठीत ‘पार्किन्सन आजार’ असे लिहिता येते. ‘कंपवात’, ‘स्मृतिभ्रंश’, ‘काळा आजार’ हे शब्द लक्षण सांगतात आणि घरातल्या माणसाला चटकन कळतात. पण त्यांनाही मर्यादा आहे. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक असून अल्झायमर हे त्यांतील एक. आणि प्रत्येक कंप हा पार्किन्सन नव्हे. म्हणून समजून घेण्यासाठी मराठी शब्द आणि डॉक्टरांशी बोलताना कागदावरील नेमकी संज्ञा, अशी दोन्ही जवळ असलेली बरी. निदान हाती आल्यावर या नावाचा अर्थ काय, हा विकार कोणत्या अवयवाचा आणि याला दुसरे नाव आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला अधिकार आहे. ‘पॅजेट’सारख्या दुहेरी नावाचा वा ‘ओ’ भासणाऱ्या बॉम्बे रक्तगटाचा विषय असेल, तर त्या उत्तरांवर पुढचे उपचार अवलंबून असतात.